अस्सल बरहुकूम

ज्या काळी झेरॉक्सचे यंत्र या देशी अवतरले नव्हते आणि सरकारी दस्तऐवजाची नक्कल हवी असणाऱ्या इसमास अर्जावर कोर्ट फीचा स्टँप डकवून नकलनवीस नामक कारकुनाच्या लेखणीची मर्जी सांभाळीत बसावे लागे, त्या काळी अशा नकलेच्या तळाशी ‘अस्सल बरहुकूम नक्कल’ असा शेरा मारून जबाबदार अंमलदार खाली सही करीत असे, आणि तेवढ्याने तो कागद न्यायासनापुढे अस्सलाच्याच इतमामाने उभा राहण्यास पात्र ठरे. हा शिरस्ता मनगटी घड्याळांसही लागू व्हावा अशी ज्याची अंतःकरणापासूनची इच्छा आहे, आणि कोणतेही सरकार तो लागू करील अशी चिन्हे दिसत नसल्यामुळे ज्याने शेरा, शिक्का व सही हे तिन्ही अधिकार परस्पर स्वतःकडे घेतले आहेत, अशा एका निरुपद्रवी परंतु हट्टी गृहस्थाचा परिचय येथे करून द्यावयाचा आहे.

हा गृहस्थ पुण्याच्या पेठांत आढळतो, डोंबिवलीत आढळतो, नाशिक-कोल्हापुरासही तुरळक आढळतो. वयाने तो पंचेचाळिशी ओलांडलेला असतो. घराच्या कर्जाचे हप्ते बहुतेक फिटलेले असतात, मुले आपापल्या मार्गास लागलेली असतात, आणि सायंकाळी सात ते अकरा या वेळेचे काय करावे, या प्रश्नाने ज्या वयात कोणी भजनी मंडळाकडे तर कोणी सोसायटीच्या कार्यकारिणीकडे वळतो, त्याच वयात हा घड्याळांकडे वळलेला असतो. व्यवसायाने तो ड्रॉइंगमास्तर असेल, बँकेतील अधिकारी असेल, किंवा आमच्या परिचयातील नमुन्याप्रमाणे महसूल खात्यातील अव्वल कारकून असेल. या आमच्या नकलनविसाची दिवसभराची नेमणूकच मुळी फेरफार आणि खातेउतारे यांच्या नकला मुळाशी ताडून पाहण्याची असल्यामुळे, काना, मात्रा, वेलांटी आणि आणेवारी यांत रेसभर फरक पडला तरी तो हेरण्याची जी एक गृध्रदृष्टी त्यास प्राप्त झाली आहे, ती कचेरी सुटल्यावर कपाटात ठेवून येण्याची सोय नाही. ती घरी येते आणि भक्ष्य शोधू लागते.

पदपथावरील विक्रेता ‘फर्स्ट कॉपी’ म्हणून जे हातात ठेवतो ते खरेदी करून, चारचौघांच्या डोळ्यांत धूळ फेकण्याच्या हेतूने जो लग्नकार्यात सदऱ्याची बाही किंचित वर सारून वावरतो, त्या दांभिकाशी आमच्या नकलनविसाची गल्लत करणे हा त्याच्यावर घोर अन्याय होय. दांभिकास भिंगाचे भय वाटते. नकलनवीस भिंग खिशात बाळगतो. आपण त्यास सहज ‘किती वाजले?’ असे विचारावे, तर तो प्रथम हे घड्याळ नक्कल असल्याचा कबुलीजबाब देतो, नंतर ती नक्कल कोणत्या प्रतीची, तीत जन्मतः किती व्यंगे होती आणि त्यांपैकी कोणती त्याने स्वहस्ते दूर केली याचे साद्यंत निवेदन करतो, आणि ते निवेदन संपेपर्यंत आपण विचारलेली वेळ केव्हाच टळून गेलेली असते.

चीनमधील ग्वांगझू शहराच्या रेल्वेस्थानकालगत नकली घड्याळांचा जो जगप्रसिद्ध बाजार भरतो, तेथून निघालेली वस्तू कोणत्या घाटाने उतरून पुण्यात येते, हा विषय नकलनवीस निघू देत नाही; सरकारी नोकरास काही गोष्टी ठाऊक नसलेल्याच बऱ्या, असे त्याचे मत आहे. मात्र ती हाती पडताच तो तिचा रीतसर पंचनामा करतो. त्यासाठी लांबट आकाराची एक नोंदवही त्याने आखून ठेवली असून तीत अनुक्रमांक, दोषाचा तपशील, दुरुस्तीचा उपाय आणि शेरा असे चार रकाने आहेत. त्याच्या संग्रहात मुख्य मान अर्थातच रोलेक्सने १९५३ साली पाणबुड्यांसाठी काढलेल्या सबमरीनर या घड्याळाच्या नकलांना. आणि त्यांचे दोष सांगू लागला म्हणजे वर्षानुवर्षे साचलेली एखादी कैफियत वाचून दाखवावी तसा त्याचा स्वर गंभीर होतो. अस्सल घड्याळात तारखेवर बसविलेले भिंग तारीख अडीचपट मोठी करून दाखविते. स्वस्त नकलेतील भिंगाची मजल तेथवर पोचत नाही. अस्सलाच्या काचेत सहाच्या जागेपाशी एक सूक्ष्म मुकुट कोरलेला असतो, जो नुसत्या डोळ्यास सहसा दिसत नाही. नकलेत तो कोणाच्याही नजरेस पडेल इतका ठसठशीत असतो. ‘दिसू नये म्हणून काढलेली वस्तू यांनी दिसावी म्हणून काढली,’ असे उद्गार काढताना त्याच्या चेहऱ्यावर जी खिन्नता पसरते, ती चोरीबद्दलची नसून चोराच्या अभिरुचीबद्दलची असते.

रात्रीची जेवणे आटोपून मागचे आवरले, की जेवणाच्या मेजावर पांढरा कागद अंथरला जातो आणि त्यावर चिमटे, खसखशीच्या दाण्याएवढ्या स्क्रूंना लागणारे पेचकस, धूळ उडविण्याचा रबरी फुगा, बोटांवर चढवायच्या रबरी टोप्या आणि डोळ्यास लावावयाची आयग्लास अशी सामग्री मांडली जाते. मग पंखा बंद होतो. वैशाखातील रात्र असो, बाहेर पान हलत नसो, घरात वृद्ध आई असो की बाळंतपणास आलेली लेक असो, मशीन उघडे असेतो पंखा चालू करण्याची कोणासही मुभा नाही. कारण वाऱ्याच्या झुळकीबरोबर येणारा धुळीचा एक कण बॅलन्सच्या चाकापाशी जाऊन बसला तर पुढची सर्व तपश्चर्या व्यर्थ जाते. अशा त्या निर्वात दालनात, घामाचा थेंब तबकडीवर पडू नये म्हणून कपाळास पंचा बांधून तो एखादी स्प्रिंग चिमट्यात धरतो, ती बसविण्याच्या अगदी अखेरच्या क्षणी ‘टिक्’ असा अस्फुट ध्वनी होतो, आणि स्प्रिंग या दृश्य सृष्टीतून नाहीशी होते. त्यापुढील अर्धा तास घरातील प्रत्येक माणसाने आहे त्या जागी उभे राहावयाचे असते. दुसऱ्या दिवशी सकाळी केर काढण्यास येणाऱ्या मावशींना सुपली परस्पर रिकामी करण्याची मनाई असून, ती प्रथम साहेबांसमोर पेश करावी असा हुकूम आहे. ‘यांच्या घरचा केर तपासून मिळतो’ असे त्या मावशी इतरत्र सांगतात, आणि त्यांच्या सांगण्यात तिळमात्र अतिशयोक्ती नाही.

परंतु ही सर्व बाह्योपचाराची कामे झाली. नकलनविसाचे खरे कौशल्य हृदयपालटात आहे. स्वस्त नकलेत बहुधा तासाला २१,६०० ठोके देणारे चिनी मशीन असते. अस्सल रोलेक्सचे ३१३५ या क्रमांकाचे मशीन, जे १९८८ साली आले, ते तासाला २८,८०० ठोके देते. म्हणजे एका सेकंदात सहा विरुद्ध आठ. या दोन ठोक्यांच्या तफावतीने सेकंदकाट्याच्या चालीत जो फरक पडतो, तो जगातील बहुतेक सज्जनांच्या मरेपर्यंत लक्षात येत नाही. पण नकलनविसाच्या काळजात तो काटा अष्टौप्रहर सलतो. म्हणून तो चिनी मशीन काढून तेथे आठ ठोक्यांचे स्विस ईटीए २८२४ किंवा जपानी मियोटा ९०१५ बसविण्याचा घाट घालतो. आता एकाची चीजवस्तू दुसऱ्याच्या घरी इतक्या सुखासुखी नांदत नाही. तबकडीच्या पाठीमागचे दोन पाय नव्या मशीनच्या छिद्रांत उतरत नाहीत, म्हणून ते कापावे लागतात. चावीचा दांडा आखूड पडतो, म्हणून तो नवा घ्यावा लागतो. मिनिटकाट्याच्या छिद्रात एक दशांश मिलिमीटरचे अंतर पडते, म्हणून काटे बदलावे लागतात. आणि काटे बदलले की त्यांवरील प्रकाशलेपाची छटा तबकडीवरील लेपाशी जुळत नाही, म्हणून तबकडीही बदलावी लागते. अशा रीतीने एक दोष काढता काढता केसखेरीज मूळचे काहीही शिल्लक राहत नाही, आणि मग एके रात्री त्याच्या ध्यानात येते की केसच्या कडांची घडणही चुकलेलीच आहे.

मशीन बसले की परीक्षा सुरू होते. घड्याळाची टिकटिक ऐकून त्याची चाल पडद्यावर रेषांनी दाखविणारे एक यंत्र त्याने मिळविले आहे. तबकडी वर, तबकडी खाली, चावी खाली, चावी वर, अशा निरनिराळ्या आसनांत घड्याळ ठेवून तो त्या रेषांकडे डोळे लावून बसतो. स्वित्झर्लंडमधील क्रोनोमीटर परीक्षक संस्था पंधरा दिवस, पाच आसनांत आणि तीन तापमानांत मशीन पारखते, आणि त्याची सरासरी चाल दिवसाला उणे चार ते अधिक सहा सेकंदांच्या मर्यादेत राहिली तरच प्रमाणपत्र देते, हे तो आल्यागेल्यास ऐकवितो, आणि आपले घड्याळ अधिक तीनवर आले आहे हे सांगताना त्याचा कंठ दाटून येतो. ज्याच्या मेजावर वारसनोंदीचा एखादा अर्ज चार-चार महिने निर्धास्तपणे निजू शकतो, तोच मनुष्य चोवीस तासांतील तीन सेकंदांपायी रात्री अकरा वाजता पुन्हा मागचे झाकण उघडावयास बसतो, हे पाहून मनुष्यस्वभावाच्या गुंतागुंतीविषयी विचार करावासा वाटतो. परंतु तेवढ्यात पंखा पुन्हा बंद होतो, आणि विचार करवत नाही.

येथवर त्याचे वेड घरच्यांच्या बुद्धीस कसेबसे झेपत होते. परंतु नव्या वस्तूस जुनी करण्याचा नाद जेव्हा त्यास लागला, तेव्हा मात्र कुटुंबाचा धीर सुटला. एके काळी अंधारात चमकावेत म्हणून घड्याळाच्या अंकांना रेडियमचा लेप देत. त्याचा धोका कळल्यावर त्याची जागा ट्रिटियमने घेतली, आणि १९९० नंतरच्या दशकात किरणोत्सर्गाचा लवलेशही नसलेले नवे लेप आले. ट्रिटियमचे लेप वयोमानाने पिवळसर, सायीच्या रंगाचे होतात, आणि रसिकजन त्या पिवळेपणासाठी लिलावात वाटेल ती किंमत मोजतात. तो पिवळेपणा आपल्या नकलेस चाळीस वर्षे न थांबता यावा, यासाठी नकलनवीस चहाचा अर्क वापरतो. कोरा चहा किती दाट असावा, तो उकळून घ्यावा की नुसता मुरवावा, आणि कुंचल्याचे हात किती द्यावेत, यावर त्याचे व त्याच्या समानधर्मी मित्रांचे मतभेद असून, ते मतभेद मिटविण्याकरिता घरातील चहाच्या डब्यास वारंवार तोशीस पडते. फिरते कडे नवेकोरे काळे दिसते म्हणून ते धुलाईच्या विरंजक द्रावणात बुडवून त्यास विटका करडा रंग आणण्याचाही प्रयोग होतो. स्वतःच्या केसांना दर रविवारी काळा रंग लावणारा हा गृहस्थ त्याच रविवारी दुपारी घड्याळ पांढरे करीत बसलेला पाहून सौभाग्यवती एकदा म्हणाल्या, ‘‘अहो, नवं आणायचं, ते जुनं करायचं, आणि जुनं दिसतंय म्हणून कौतुक करायचं, त्यापेक्षा मामंजींचं खरोखरीचं जुनं घड्याळ कपाटात पडलंय, ते का नाही घालत?’’

‘‘ते अस्सल आहे,’’ आयग्लास न काढताच तो उत्तरला, ‘‘त्यात करण्यासारखं काय आहे?’’

या एका उत्तरात त्याचे अवघे तत्त्वज्ञान सामावलेले आहे. अस्सल वस्तू परिपूर्ण असल्यामुळे तिच्यापुढे माणसाने फक्त हात जोडावेत. नक्कल अपूर्ण असल्यामुळे ती सेवेस वाव देते. या सेवेचा जमाखर्च मांडला, तर मूळ नक्कल, नीलमण्याची काच, स्विस मशीन, जपानी काटे, तेल, हत्यारे आणि फुकट गेलेल्या स्प्रिंगा मिळून जी बेरीज होते, तीत एखाद्या प्रामाणिक जपानी कंपनीचे, स्वतःच्याच नावाचे, उत्तम घड्याळ सहज येते. हे त्यास कोणी सांगितले तर तो रागावत नाही. तो फक्त विचारतो, ‘‘आणि मग संध्याकाळी मी काय करू?’’

नीतीच्या बाजूने त्याच्यावर हल्ला चढविणाऱ्यांसाठीही त्याची तयारी असते. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याची १०३ व १०४ ही कलमे त्यास मुखोद्गत आहेत. खोटे चिन्ह लावणारास आणि तशी वस्तू विकणारास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद व दंड आहे, हे तोच आपणास बजावतो, आणि आपण आजवर एकही घड्याळ विकले नाही, विकणार नाही, इतकेच काय, जावयाने मागितले तेव्हाही दिले नाही, अशी ग्वाही देतो. मग तो इतिहासात शिरतो. पॅरिसचा अब्राहम-लुई ब्रेगे हा घड्याळजींचा मुकुटमणी. त्याच्या नावाची बनावट घड्याळे त्याच्या हयातीतच इतकी बोकाळली, की १७९५ च्या सुमारास त्याने तिरप्या प्रकाशातच दिसणारी गुप्त सही तबकडीवर कोरण्यास प्रारंभ केला. अठराव्या शतकात लंडनच्या घड्याळजींना मान होता, तेव्हा त्यांची खोटी नावे घातलेली कितीतरी घड्याळे खुद्द स्वित्झर्लंडमध्ये बनत असत. ‘‘म्हणजे आज जे फिर्यादी आहेत, ते एके काळी आरोपी होते,’’ असा समारोप करून तो आपणाकडे वकिली विजयाने पाहतो. यात त्याचा स्वतःचा बचाव नेमका कोठे झाला, हे विचारण्याचे भान श्रोत्यास राहत नाही.

तथापि त्याच्या नीतिमत्तेचा कस लागला तो पुण्याच्या जुन्या बाजारात. वडिलांच्या जुन्या एचएमटी घड्याळाची आठवण पत्नीने करून दिल्यापासून त्याच्या मनात एचएमटीविषयी ममत्व उत्पन्न झाले होते. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली बंगळूरच्या कारखान्यातून ही घड्याळे बाहेर पडू लागली आणि पुढे दोन पिढ्यांच्या मनगटांवर, परीक्षेच्या बक्षिसापासून लग्नातील मानापर्यंत सर्व निमित्तांनी विराजमान झाली. सतरा खड्यांचे, रोज चावी द्यावी लागणारे ‘जनता’ आणि काळ्या तबकडीचे ‘पायलट’ यांवर आजही संग्राहकांचा जीव आहे. एका रविवारी असे एक पायलट त्यास दिसले, त्याने घासाघीस न करता घेतले, आणि घरी येऊन भिंगाखाली धरले. तबकडी नव्याने रंगविलेली होती, काटे भलत्याच घड्याळाचे होते, चावी तिसऱ्याच जातीची होती. जुन्या घड्याळांची मोडतोड एकत्र करून, तबकडीला ताजा रंग देऊन विकण्याचा हा उद्योग जगभरच्या संग्राहकांत ‘मुंबई स्पेशल’ या नावाने कुविख्यात आहे, हे त्यास पूर्वीच ठाऊक होते. आपल्यावर तो प्रसंग येईल हे मात्र ठाऊक नव्हते. तो जो संतापला, तसा संतापलेला त्यास कोणी कधी पाहिला नव्हता. ‘‘लोकांना काही लाजलज्जा? हे नाव काय, हा कारखाना काय, आणि त्यावर हे असले उद्योग!’’ असे तो हात उगारून बोलत असता, त्या हाताच्या मनगटावर चहाने पिकविलेले, जपानी मशीनचे, स्विस नावाचे, चिनी जन्माचे घड्याळ तळपत होते. आमची दृष्टी तेथे गेलेली पाहून तो क्षणभर थबकला आणि शांतपणे म्हणाला, ‘‘हे वेगळं. मी सांगून घालतो. त्यानं न सांगता विकलं.’’ आणि खरे सांगावयाचे तर, या भेदास उत्तर देणे आम्हास आजतागायत जमलेले नाही.

त्याच रात्री त्याने पंखा बंद करवून ते बनावट पायलट उघडले. आता खरी तबकडी शोधणे, खरे काटे मिळविणे, खरी चावी बसविणे असा उपक्रम चालू आहे, आणि तो सिद्धीस गेला म्हणजे स्वतःच्या नावाशी इमान राखणारे त्याच्या संग्रहातील ते एकमेव घड्याळ ठरेल. त्यापुढे त्याची गोडी टिकेल की नाही, याची मात्र कुटुंबास शंका आहे.

गेल्या मार्गशीर्षात त्याच्या घरी कार्य होते, आणि त्यासाठी न्यू जर्सीहून त्याचा भाचा आला. बढती मिळाल्याच्या आनंदात त्याने तिकडच्या अधिकृत दुकानातून एक अस्सल स्विस घड्याळ घेतले होते, आणि मामांस त्यातले कळते म्हणून मोठ्या अपेक्षेने ते पुढे केले. मामा त्यास खिडकीपाशी घेऊन गेले, आयग्लास डोळ्यास लावली, घड्याळ तिरपे धरले, उलटे धरले, कानाशी नेले, आणि बऱ्याच वेळाने अत्यंत मायाळू स्वरात म्हणाले, ‘‘चांगली नक्कल आहे रे. पण फिरत्या कड्यावरचा तो चमकणारा ठिपका केसभर उजवीकडे गेलाय.’’

‘‘मामा, ओरिजिनल आहे ते!’’

‘‘सगळ्यांना तसंच सांगतात, बाळा.’’

भाच्याचे कार्यातील लक्ष उडाले. जेवणाच्या पंगतीत तो आपल्या मनगटाकडे अशा काही नजरेने पाहत होता, की वाढपी मठ्ठा घेऊन दोनदा परत गेला. परत जाताच त्याने दुकानात जाऊन घड्याळ उघडविले, तपासविले, आणि ते निःसंशय अस्सल असल्याचा दाखला मामांस धाडून दिला. नकलनविसाने तो दाखला काळजीपूर्वक वाचला, त्यावरील तारीख, सही व शिक्का पाहिला, मग आपल्या हातातले घड्याळ काढून भाच्याच्या घड्याळाच्या छायाचित्राशेजारी ठेवले. त्याच्या नकलेवरील ठिपक्याचे स्थान बिनचूक मध्यभागी होते. ते तसे येण्यासाठी त्याने ते कडे कितीदा काढून बसविले होते, हे घरातील सर्वांस ठाऊक होते.

‘‘घड्याळ त्यांच्याच कारखान्याचं आहे, त्यात वाद नाही,’’ तो म्हणाला, ‘‘पण हल्ली तिकडे कोणी ताडून बघत नाही.’’

मग त्याने ती लांबट नोंदवही काढली, नवा अनुक्रमांक घातला, भाच्याच्या घड्याळाचा दोष दुसऱ्या रकान्यात तपशीलवार लिहिला, तिसऱ्यात उपाय नमूद केला, आणि चौथ्या रकान्यात वळणदार अक्षरांत शेरा मारला: ‘मालक दुरुस्तीस राजी नाही.’